कर्ण्याचा जुना ग्रामोफोन परत बोलता करायचा असेल तर… काय बदलायचं, काय ठेवायचं, कशाला हात लावायचा नाही

आमच्याकडे जो कर्ण्याचा ग्रामोफोन आहे तो आईच्या मामांच्या वाईच्या वाड्यातून आला. माळ्यावर तीसेक वर्षं पडून होता, कर्णा एका कोपऱ्यात, पेटी दुसऱ्या, आणि साउंडबॉक्स (सुई आणि पडदा धरणारी गोल डबी) तर पितळी डब्यात जुन्या किल्ल्यांबरोबर सापडला. तो वाजता करायला मला दीड वर्ष लागलं, त्यातलं निम्मं काम हे आधी कोणीतरी केलेली दुरुस्ती काढण्यातच गेलं. साउंडबॉक्समधे दोन घटकांचा चिकट गम भरलेला, पेटीला आडव्या फुलीच्या खाचेचे स्क्रू, टर्नटेबलवर लाल वेलवेट. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, कारण आता दोन-तीन जणांनी विचारलं की आमच्याकडे पण आहे, काय करू.

पहिल्यांदा एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. या मशीनमधे वीज नाही, अँप्लिफायर नाही. तबकडीच्या खाचेतून सुई जे हलते तेच अभ्रकाच्या पडद्यावर जातं, पडद्यामागची हवा हलते, ती हवा नळीतून कर्ण्यात फुलते, बास. त्यामुळे प्रत्येक भाग दुसऱ्या भागाच्या हिशोबाने बनवलेला आहे, आणि एखादा भाग वीस वर्षं नंतरचा लावला की तो नुसता दिसायला चुकीचा नसतो, आवाजालाही चुकीचा असतो. काळाला धरून पार्ट लावायचा आग्रह हा हौशी लोकांचा हट्ट नाहीये.

आधी खरा आहे का ते बघा

हे सांगताना वाईट वाटतं पण सांगायलाच हवं. आपल्याकडे बाजारात जे चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन दिसतात त्यातले खूप सारे गेल्या तीस-चाळीस वर्षांत जोडलेले आहेत. मुंबईत चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर अस्सल जुनं सामान पण मिळतं आणि हे पण मिळतं, ओळखायचं काम आपलं. खुणा अशा: पेटी अष्टकोनी किंवा गोल, लाकूड हलकं आणि वरून जाड चकचकीत व्हार्निश, समोर कुत्र्याचं चित्र असलेला पितळी बिल्ला ठोकलेला, कर्ण्याचं पितळ पिवळंजर्द आणि त्यावर ठोकून काढलेली फुलं, मागचा ब्रॅकेट ओबडधोबड ओतलेला. आत बघितलं तर मोटर एखाद्या सुटकेसवाल्या पोर्टेबल ग्रामोफोनची. ग्रामोफोन कंपनीच्या (म्हणजे एचएमव्हीच्या) खऱ्या पेटीवर नावाचं ट्रान्सफर असायचं, म्हणजे लाकडावर उतरवलेलं पातळ चित्र, किंवा छोटी पट्टी. आणि एक चाचणी, टोनआर्म (साउंडबॉक्स धरणारी फिरती नळी) मधल्या खुंटीकडे आणा, सुई खुंटीच्या अगदी आसपास यायला हवी. जोडलेल्या मशीनमधे ती दोन-दोन बोटं लांब राहते, आणि अशी सुई तबकडीची खाच एका बाजूने खरवडत जाते.

तुमचा जोडलेला निघाला तर शोभेला ठेवा, त्याच्यावर पैसे आणि जुने अस्सल पार्ट घालू नका. ते पार्ट दुसऱ्या कुठल्यातरी खऱ्या मशीनला हवे आहेत.

खरा असेल तर कुठल्या काळातला ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ढोबळ हिशोब असा. बाहेर कर्णा, हंसाच्या मानेसारखी वळलेली नळी आणि तिच्या टोकाला अभ्रकाचा एक्झिबिशन साउंडबॉक्स, हे साधारण १९०३-०४ पासून १९२० पर्यंतचं रूप. १९२१ च्या सुमाराला एचएमव्हीने नंबर २ साउंडबॉक्स आणला, त्यानंतर १९२४ च्या आसपास नंबर ४. माइक लावून इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग सुरू झालं १९२५ पासून, आणि मग अॅल्युमिनियमच्या पडद्याचे ५ए, ५बी आले. बऱ्याच जणांना वाटतं १०२ नंबरच्या पोर्टेबलचा साउंडबॉक्स जुन्या कर्ण्यावर लावला की आवाज मोठा येईल. १०२ हे १९३१ चं मशीन आहे, त्याचा साउंडबॉक्स त्याच्या आतल्या कर्ण्यासाठी बनवलेला, आणि वजन, गळ्याचं माप, कोन काहीच जुळत नाही. नका लावू.

तसंच स्क्रू. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले, त्यामुळे १९१२ च्या मशीनवर ते दिसले तर कोणीतरी हात घातलाय हे नक्की. आणि चकाकी: त्या काळाची चकाकी निकेलची, थोडी पिवळसर, उबदार. निळसर आरशासारखी क्रोमची चकाकी विसाच्या दशकाच्या शेवटी शेवटी आली. प्लेटिंगवाल्याकडे गेलात तर तो आपणहून क्रोम करून देतो, म्हणून तीनदा सांगा की निकेल. मी तर म्हणेन जुनं निकेल साठ-सत्तर टक्के शिल्लक असेल तर प्लेटिंगच करू नका, मऊ फडक्याने आणि थोड्या तेलाने पुसा आणि सोडून द्या.

खोलायच्या आधी

घरी आणल्या आणल्या चावी देऊन बघायचा मोह होतो, तो आवरा. आतलं ग्रीस दगड झालेलं असतं, कमान (मोटरची गुंडाळलेली स्प्रिंग) गंजलेली असू शकते, आणि कमान तुटताना जो धक्का देते त्याने गिअरचे दात जातात. आधी फोटो. सगळ्या बाजूंनी, मग डेक (मोटर धरणारी वरची फळी) उचलून आतून, प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी एक. स्क्रू ठेवायला मी अंड्यांचा ट्रे वापरते, प्रत्येक खड्ड्यात चिठ्ठी. पेटीचे सगळे स्क्रू सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की तो वरून लाकूड फोडून बाहेर येतो.

पेचकस खाचेत घट्ट बसणारा हवा, रुंदीलाही आणि जाडीलाही. घसरला की निकेलवर कायमचा ओरखडा. दुकानातल्या पेचकसाचं टोक कानशीने घासून खाचेच्या मापाचं करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. अडकलेल्या स्क्रूला गंज सोडवायचं तेल लावून रात्रभर ठेवा, जमलं तर दोन रात्री. आणि स्क्रू हरवला म्हणून आपला मेट्रिक स्क्रू पिळून बसवू नका, जुने आटे वेगळ्या मापाचे असतात, एकदा आटे मेले की मग खरं रडायची वेळ येते.

काढलेला प्रत्येक मूळ तुकडा, अगदी दगड झालेलं रबरसुद्धा, पिशवीत घालून पेटीच्या आतच ठेवा. मी तसंच केलंय. पुढे कोणाच्या हातात हे मशीन गेलं तर त्याला कळायला हवं मुळात काय होतं.

मोटर आणि कमान (इथे घाई केली तर हात जाईल)

टर्नटेबल सरळ वर ओढलं की निघतं, काहींना क्लिप असते. अडकलं असेल तर दोन्ही हातांनी खालून धरून हलवत हलवत, खाली पेचकस घालून उचकटायचं नाही, ताटली वाकते. हँडल उलटं फिरवलं की आट्यातून सुटतं. मग डेकचे स्क्रू काढून मोटर खाली उतरते.

आता नीट वाचा. मोटरमधे जी गुंडाळलेली पोलादी पट्टी आहे, जिला घड्याळवाले कमान म्हणतात, ती साधारण इंचभर रुंद आणि कित्येक मीटर लांब असते. भरलेल्या कमानीचा गव्हर्नर (वेग बांधणारा भाग) काढला तर तिला धरून ठेवणारं काही उरत नाही, गिअर वेड्यासारखे फिरतात, दात उडतात आणि बोट मधे असेल तर बोटही. म्हणून आधी ब्रेक सोडून मशीन पूर्ण थांबेपर्यंत चालू द्यायचं, थांबल्यावर टर्नटेबल हाताने अजून दोन-चार वेळा फिरवून बघायचं की खरंच ताकद उरली नाही. मोटर जाम झालीये आणि कमान भरलेली आहे असं वाटलं तर तिथेच थांबा. हा प्रकार घरी करायचा नाही, मोठ्या भिंतीवरच्या घड्याळांचं काम करणारा जुना कारागीर शोधा, त्याला हात लावू द्या.

कमान सुटलेली आहे याची खात्री झाली की गव्हर्नर, मग गिअर, मग कमानीचं भांडं काढायचं. भांड्याला झाकण असतं. झाकण निघालं तरी कमान आत दाबून बसलेलीच असते, ती सुटी झाली असली तरी भांड्याच्या भिंतीला ढकलतच असते. जाड कातडी हातमोजे, डोळ्यावर गॉगल, आणि आजूबाजूला लहान मुलं नकोत. मी भांडं जुन्या गोधडीत गुंडाळते, मधलं टोक पक्कडीने हळूच वर काढते आणि मग एक एक वेढा बाहेर येऊ देते, दुसरा हात कायम भांड्याच्या तोंडावर. पहिल्यांदा केलं तेव्हा अर्धा तास लागला आणि हात थरथरत होते, आणि ते बरंच होतं, कारण ज्याचे हात थरथरत नाहीत तोच घाई करतो. बाहेर काढायच्या आधी कमान कुठल्या दिशेने गुंडाळली आहे त्याचा फोटो घ्या. उलटी बसवली तर परत सगळं पहिल्यापासून.

काढलेली कमान रॉकेलमधे भिजवा. काळं, डांबरासारखं ग्रीस निघेल, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडी पुसा. मग पूर्ण लांबी बोटाखालून (हातमोजा घालून) सरकवत बघा. वरवरचा गंज बारीक स्टील वूलने जातो. खोल खड्डे, किंवा दोन्ही टोकांच्या भोकाजवळ चीर दिसली तर ती कमान आज ना उद्या तुटणार. अगदी टोकाजवळ तुटली असेल तर घड्याळवाला टोक तापवून मऊ करून नवीन भोक पाडून देतो, एक-दोन इंच लांबी कमी झाली तरी फरक पडत नाही. मधे तुटली असेल तर नवीनच. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

नवीन मागवताना रुंदी, जाडी, लांबी आणि दोन्ही टोकं कशी आहेत, भोक आहे की आकडा, हे चारही लागतं. जाडी व्हर्नियरने मोजा, डोळ्याने नाही. जास्त जाड कमान घातली की जास्त वेळ चालेल असं वाटतं, उलट होतं, भांड्यात कमी वेढे मावतात आणि गिअरवर ताण येतो. परदेशात ग्रामोफोनच्या कमानी अजून नव्या बनतात, त्यामुळे ही गोष्ट नवी असली तरी मापाला अस्सल मिळते. इथे मी तडजोड मानत नाही, कमान ही झिजणारीच वस्तू, तेव्हाही दुकानात बदलूनच मिळायची.

परत बसवताना आधी बाहेरचं टोक भांड्याच्या आकड्यात, मग एक एक वेढा आत दाबत जायचं, अंगठ्याने, गोल गोल. ग्रॅफाइट घातलेलं ग्रीस वेढ्यांच्या मधे पातळ लावा, थापू नका. वाजताना पेटीतून मधेच धप्प, धप्प असा आवाज येतो ना, तो बहुतेक वेळा याच सुकलेल्या ग्रीसमुळे वेढे एकमेकांना चिकटून एकदम सुटल्याचा असतो, आणि गाण्यात त्या क्षणी सूर हलतो. ग्रीस बदललं की जातो.

गव्हर्नर

तीन छोटी वजनं, प्रत्येक एका पातळ पट्टीवर. फिरताना ती बाहेर फाकतात, त्यांच्यामुळे एक चकती दांड्यावर सरकते आणि चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्याला घासते, त्याने वेग बांधला जातो. तीनांतली एक पट्टी तुटली किंवा वाकली असेल तर वेग डोलतो. बदलायच्या तर तिन्ही एकदम, एकाच जाडीच्या, नाहीतर तोल जातो. त्या घासणाऱ्या तुकड्याला एक थेंब तेल, तो कोरडा असला की किंचाळतो. नमदा दगड झाला असेल तर लोकरीचाच नवा कापून लावा, फोम नको, काही महिन्यांत चुरा होतो.

दांडा दोन टोकांना जिथे बसतो तिथे किंचित ढिलाई हवी, बोटाने हलवला तर जेमतेम कळेल एवढीच. बेअरिंगना शिलाई मशीनचं तेल, गिअरना थोडं ग्रीस. खोबरेल तेल कधीही नाही, हे मी लिहितेय कारण आमच्या मोटरमधे तेच घातलेलं होतं आणि त्याचा हिरवट मेणासारखा थर खरवडायला दोन रविवार गेले.

साउंडबॉक्स, म्हणजे गळा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे दिला आणि तुम्हीही द्या. कर्णा कितीही सुंदर असू दे, साउंडबॉक्स मेलेला असेल तर आवाज डब्यातला येणार.

एक्झिबिशनमधे अभ्रकाचा गोल पडदा दोन रबरी नळ्यांच्या कड्यांमधे धरलेला असतो, एक पुढे एक मागे. शंभर वर्षांत ते रबर लाकडासारखं कडक होतं, मग पडदा मोकळा हलत नाही, आणि आवाज चिरका, बारीक, मोठ्या ताना आल्या की फाटका. लोक म्हणतात जुन्या ग्रामोफोनचा आवाज असाच असतो. नसतो हो. नीट बांधलेल्या साउंडबॉक्सवर आवाज भरलेला येतो, बंद खोलीत समोर कोणी गातंय असा.

मागची रिंग स्क्रू काढून उघडा. पडद्याच्या मध्यावर सुईच्या दांडीचं टोक छोट्या स्क्रूने धरलेलं असतं आणि त्यावर मेणाचा थेंब. मेण तापवलेल्या टाचणीने मऊ करा, स्क्रू हळू सोडा. इथे जोर लावला तर अभ्रक तडकतं. पडदा काढून उजेडात धरा. कडेला थोडे रुपेरी डाग, म्हणजे पापुद्रे सुटलेले, चालतात. डाग मध्यापर्यंत गेले असतील किंवा चीर असेल तर बदलायचा. अभ्रकाच्या जागी कडक प्लास्टिक किंवा एक्स-रेची फिल्म कापून लावलेली मी पाहिली आहे, वाजतं, पण तो आवाज त्या मशीनचा नाही. अभ्रकच हवं, आणि मूळ पडद्याची जाडी मोजून तेवढंच. आपल्या देशातच कोडरमा-गिरिडीहकडचं अभ्रक जगभर नावाजलेलं होतं, त्यामुळे चांगलं पारदर्शक अभ्रक इथे अजूनही मिळू शकतं, फक्त कापताना बोथट कात्री वापरू नका, कडा सुटतात.

नव्या कड्यांसाठी मऊ पांढरी रबरी किंवा सिलिकॉनची पोकळ नळी, मूळ जाडीची. भरीव नको. लांबी अशी कापा की दोन टोकं एकमेकांना फक्त टेकतील, फट नको आणि दाब पण नको. ताणून बसवली तर नंतर आखडते आणि फट पडते. दोन्ही कड्यांचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नका. मग पडदा, मग दुसरं कडं, मग रिंग, आणि रिंगचे स्क्रू एकेक करून थोडे थोडे आवळायचे, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे आलटून पालटून. रबर धरलं गेलं पाहिजे, चिरडलं नाही.

सुईची दांडी धारेवर टेकलेली असते आणि दोन बाजूंनी स्प्रिंगच्या ताणावर. ती अशी जुळवायची की तिचं टोक पडद्याला नुसतं स्पर्श करेल, ढकलणारही नाही, ओढणारही नाही. स्क्रू बसवायच्या आधीच ते जुळलं पाहिजे. हे जुळवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. दांडी ढिली राहिली तर गाताना भुणभुण येते, जास्त आवळली तर आवाज मरतो. जुळलं की स्क्रू, आणि वर मधमाशीच्या मेणाचा एकच छोटा थेंब.

शेवटी हवा तपासा. साउंडबॉक्सच्या मागच्या तोंडाला ओठ लावून अगदी हळू हवा ओढा आणि धरा. ओठाला ओढ टिकली तर बंदिस्त आहे, सुटली तर कुठेतरी फट आहे. जोरात ओढू नका, अभ्रक आहे.

मागचं रबरी बूड, ज्यावर साउंडबॉक्स नळीला बसतो, तेही कडक झालेलं असतंच. त्याची नवी ओतीव रबरं मिळतात. जुनं तेल लावून मऊ करायला जाऊ नका, रबर फुगतं आणि चिकट होतं. आणि विसाच्या दशकानंतरच्या साउंडबॉक्सवाल्यांना एक इशारा, ते ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वय झालं की फुगतात, बारीक भेगा पडतात. तिथे पिळलं की हातात तुकडे येतात. हलकी उष्णता, तेल, वाट बघणं. नाहीच सुटलं तर तसाच ठेवा.

कर्णा

आमचा पाकळ्यांचा, लोखंडी पत्र्याचा, आतून रंगवलेला. दोन पाकळ्यांचे सांधे उघडलेले आणि तोंडाजवळ मोठा पोचा. पोचे काढायला पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तांबे-पितळ ठोकणाऱ्यांची, तिथल्या हाताला तोड नाही. फक्त आधीच सांगा की मठारकाम नको, नाहीतर सवयीने सुंदर ठोक्यांची नक्षी येईल आणि कर्णा कळशीसारखा दिसेल. आतून लाकडी ठोकळा धरून बाहेरून लाकडी हातोडीने हळूहळू, पत्रा ताणला जाता कामा नये. सांध्यांना कल्हईवाल्याच्या पद्धतीचं मऊ डाग (सोल्डर) द्यायचा, वेल्डिंगने रंग जळतो आणि पत्रा वाकडा होतो.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. मूळ रंग निम्म्याहून जास्त असेल तर परत रंगवू नका. कोमट पाण्यात अगदी थोडा साबण, ओला नव्हे तर पिळलेला कपडा, आणि लगेच कोरडं. पितळी कर्णा असेल तर त्यावर मूळ लाखेचा पातळ थर असू शकतो, चिंच किंवा पॉलिशने घासलात तर तो जातो. मी एका जुन्या पितळी कर्ण्याचा तसा घालवला आहे, आरशासारखा चमकला आणि महिन्याभरात डागाळला, तो थर आता परत येणार नाही.

कर्णा, कोपर (मधली वळलेली नळी) आणि टोनआर्म जिथे जोडले जातात तिथे हवा गळता कामा नये पण आर्म लोण्यासारखा फिरला पाहिजे. मागच्या ब्रॅकेटमधे बारीक गोळ्या असतील तर त्या उघडताना खाली ताट धरा.

पेटी

ओक असो की मेहॉगनी की सागवान, मूळ पॉलिश बहुतेक लाखेचं. न दिसणाऱ्या जागी कापसावर एक थेंब स्पिरिट लावा, चिकट झालं तर लाखच. मग पॉलिशपेपर घरात कुठे असेल तर लपवून ठेवा. आधी टर्पेंटाइनने मेण-धूळ काढा. नंतर चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, साधारण १०० ग्रॅम अर्धा लिटर स्पिरिटमधे रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा, कापसाची पुरचुंडी मलमलीत बांधून पातळ, पातळ, पातळ हात. जुना थर नव्या स्पिरिटने थोडा विरघळतो आणि दोन्ही एक होतात, हीच लाखेची खुबी, जुनं काढायची गरजच पडत नाही. पावसाळ्यात हे काम करू नका, दमट हवेत पॉलिश पांढरं पडतं. कुत्र्याच्या ट्रान्सफरवर स्पिरिट अजिबात नाही, चित्र पुसून जाईल, त्याच्या भोवतीने जा.

सांधे सुटले असतील तर सुताराचा सरस, गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून पातळ केलेला, उकळायचा नाही. पांढऱ्या गमने सांधा पक्का होतो पण पुढच्याला उघडता येत नाही, सरसाचा सांधा गरम पाण्याने सुटतो.

ही लाख बघताना मला कायम एक गोष्ट आठवते. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गायिका गौहर जानची ध्वनिमुद्रणं केली, पण ती तबकडी छापायला जर्मनीत हानोव्हरला जायची, आणि तबकडी बनते लाखेपासून, जी पळस-बोर-कुसुमाच्या झाडांवरची, आपल्याकडूनच जहाजाने गेलेली. लाख इथून गेली, गाणं इथून गेलं, आणि परत आलं तबकडी होऊन. सियालदहला कारखाना निघाला १९०८ मधे, तेव्हा हा फेरा संपला. गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगते, तेही परदेशातल्या कारागिरांना तबकडी कोणाची ते कळावं म्हणून असं म्हणतात.

टर्नटेबलवर लोकरीचं हिरवं फेल्ट, सरसानेच. वेलवेट नको.

वेग, आणि पहिली तबकडी

तबकडीखाली कागदाची पट्टी ठेवा, बाहेर आलेली, आणि सुई टेकवून वाजत असताना एका मिनिटात ती किती वेळा समोर येते मोजा. ७८ व्हायला हवं. सुई न टेकवता मोजलं तर चुकतं, सुईच्या ओझ्याने वेग उतरतो. स्ट्रोब चकती (वेग बरोबर असला की जिच्यावरच्या रेघा स्थिर दिसतात) वापरायची असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला ७७ रेघांची, आणि जुना पिवळा बल्ब किंवा ट्यूबलाइट, एलईडीखाली नीट दिसत नाही. अगदी सुरुवातीच्या तबकड्या ७८ ला काटेकोर नसतात, हार्मोनियम घेऊन बसा आणि सूर ऐकून थोडं खाली-वर करा.

सुई प्रत्येक बाजूला नवी. प्रत्येक. तबकडीच्या लाखेत मुद्दाम खरखरीत भुकटी असते, ती सुईला खाचेच्या आकाराला घासते, म्हणजे तीन मिनिटांनी सुईची धार झालेली असते आणि दुसऱ्यांदा ती धार खाच कापते. साउंडबॉक्सचं ओझं शंभर ग्रॅमच्या वर, एलपीच्या पिनचं दोन-तीन ग्रॅम, यावरून अंदाज करा. एलपी तर कधीच नाही. पन्नास-साठच्या दशकातल्या ७८ च्या तबकड्याही इलेक्ट्रिक प्लेअरवर वाजवा, या मशीनला १९२५ च्या आधीच्या, किंवा फार तर तिशीतल्या, जरा झिजलेल्या. सुरुवातीला सॉफ्ट, म्हणजे हळू आवाजाची सुई घ्या, लांब आणि बारीक, मग वाटलं तर मीडियम.

चावी दर तबकडीला, हाताला अडल्यासारखं झालं की थांबायचं.

आमच्याकडे पहिली तबकडी लावली ती बालगंधर्वांची. आईची मावशी ८४ वर्षांची, ती कर्ण्यासमोर न बसता बाजूच्या खोलीत जाऊन बसली, म्हणाली लहानपणी आम्हाला पुढे बसू द्यायचे नाहीत, मी असंच ऐकायचे. दोन खोल्या पलीकडे शब्द स्पष्ट जात होते.

वापर झाला की कमान उतरू द्यायची, भरलेली ठेवायची नाही. साउंडबॉक्स काढून डबीत, सुई काढून, पडदा वर. पावसाळ्यात कर्णा उतरवून सुती पिशवीत, प्लास्टिकमधे नाही, घाम धरतो. वापरलेल्या सुयांसाठी वेगळी डबी ठेवा आणि तिला लाल खूण करा, म्हणजे चुकून परत लागणार नाहीत.